पदराखालचा फोन: ॲप बनवणारे लोक मंडईत जाऊन का बसतात?

पूर्वी शेताची नोंद म्हटलं की तलाठी होता, पैशाचा व्यवहार म्हटलं की खिडकीमागचा कारकून होता. आपण अंगठा उठवायचा नाहीतर सही करायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सात-बारावर पीक नोंदवण्याचं काम शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आलं. पीकविमा, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, पतसंस्थेचं खातं, सगळं हळूहळू त्याच वाटेनं निघालंय. ज्यानं जन्मात कधी स्वतःच्या हातानं फॉर्म भरला नाही तोही आज कुठल्या ना कुठल्या पडद्यासमोर उभा आहे. आणि अडला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं. आमच्या तासगावकडं ते असं ऐकू येतं: "ह्ये ज्यानं केलंय, त्यो कधी हितं येऊन बसलावता का?"

वाक्य वैतागाचं आहे, पण प्रश्न खरा आहे. आणि त्याचं उत्तर असं, की काही लोक खरंच येऊन बसतात. तोच त्यांचा पगारी उद्योग असतो. मी गेली काही वर्षं तोच करते, आणि घरच्यांना तो समजावून सांगता सांगता दमले आहे. ("म्हंजे सर्व्हे करतीस व्हय?" "नाही मावशी, सर्व्हे नाही." "मग पगार कशाचा देत्यात?") म्हणून एकदा नीट बसून सांगते.

आधी दोन शब्द

पहिला शब्द वापरानुभव. इंग्रजीतलं 'युजर एक्सपीरियन्स' ते हेच. धंद्यातले लोक नुसतं 'यूएक्स' म्हणतात. १९९३ साली ॲपल कंपनीत गेलेल्या डॉन नॉर्मन यांनी आपल्या हुद्द्याच्या नावातच हा शब्द घालून घेतला आणि पुढं तो जगभर रुळला. अर्थ सोपा आहे. एसटी वेळेवर आली, इंजिन ठणठणीत आहे, ड्रायव्हर तरबेज आहे. पण पाटी पुसट, स्टँडवरच्या भोंग्यातलं बोलणं कळत नाही, आणि तुमची गाडी तुमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. गाडीत दोष नाही, तरी तुमचा प्रवास फसला. गाडी म्हणजे वस्तू. पाटी शोधण्यापासून घरी पोचेपर्यंत तुमच्यावर जे गुदरलं तो वापरानुभव.

दुसरा शब्द गुणात्मक संशोधन. तो समजायला सांगलीच्या मार्केट यार्डात जाऊ.

काटा आणि कांडी

यार्डात हळदीचं पोतं आलं की ते काट्यावर चढतं. अमुक इतके किलो. हे झालं संख्यात्मक मोजमाप. त्यात वाद नाही, पुन्हा मोजा, तेवढंच भरेल. पण भाव काही काट्यावर ठरत नाही. व्यापारी पोत्यात हात घालतो, कांडी काढतो आणि मोडतो. नीट वाळलेली असेल तर खणकन आवाज येतो. मग आतला रंग बघतो, नाकाशी धरतो. जुना जाणता असेल तर कांडी शिजवताना कच्ची राहिली की वाळवताना पाऊस लागला हेही सांगतो.

काटा 'किती' सांगतो. कांडी 'कशी' आणि 'का' सांगते. पोतं दोन किलोनं कमी भरलं तर काटा ते बरोबर दाखवेल, पण ओल सुकली की उंदरानं खाल्लं, हे काट्याला विचारून उपयोग नाही.

ॲपच्या दुनियेत काटे भरपूर आहेत. किती जणांनी उतरवून घेतलं, किती जणांनी उघडलं, कोणत्या पानावर सोडून दिलं, हे सगळं मालकाला बसल्या जागी दिसतं. न दिसणारी गोष्ट एकच असते: का सोडलं? त्यासाठी कांडी मोडायला लागते. मोजक्या माणसांजवळ जाऊन, त्यांचं ऐकून, त्यांचं वागणं बघून कारण शोधायचं, याला गुणात्मक संशोधन म्हणतात. व्याख्या इथं संपली. अवघड भाग पुढं आहे.

मंडईतली गोष्ट

सांगली परिसरातल्या एका पतसंस्थेनं पिग्मीसाठी ॲप काढलं होतं. नाव सांगत नाही. पिग्मी म्हणजे रोजच्या रोज थोडी थोडी बचत. एजंट दुकानात येऊन ती गोळा करतो. पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली ही पद्धत सुरू केली आणि आपल्याकडच्या पतसंस्थांत ती पक्की मुरली. संस्थेचा विचार असा, की एजंट दारोदार हिंडण्यापेक्षा लोकांनी फोनवरून पैसे भरावेत. लोकांनी ॲप घेतलं, एकदा उघडलं आणि पुन्हा हात लावला नाही.

संस्थेनं आधी फोनवरून विचारणा केली. "ॲप आवडलं का?" आवडलं. "वापरायला सोपं आहे का?" सोपं आहे. "वापराल का?" वापरू की. संचालक मंडळानं निष्कर्ष काढला, की अक्षरं बारीक असावीत. अक्षरं मोठी केली. फरक शून्य.

मग आम्ही दोघी जणी मंडईत गेलो. भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या, संस्थेच्या जुन्या खातेदार. त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो. काही विचारलं नाही. गिऱ्हाईक कमी झाल्यावर म्हटलं, "मावशी, आज पैसे भरणार असाल तर आमच्यासमोर भरा. आम्हाला बघायचंय." त्यांनी फोन काढला, ॲपवर बोट ठेवलं, आणि ते उघडायच्या आत पदर फोनवर ओढून घेतला. डोकं खाली घालून पदराखालीच काहीतरी बघितलं आणि फोन बंद केला.

"का झाकलं, मावशी?"

त्यांनी शेजारच्या गाळ्याकडं डोळ्यांनी खुणावलं आणि आवाज उतरवला. "त्यो बघतोय न्हवं. आकडा दिसला की उसनं मागंल."

ॲप उघडल्या उघडल्या पहिल्याच पानावर खात्यातली शिल्लक दिसत होती, तीही संस्थेनं मोठ्या केलेल्या अक्षरांत. बनवणाऱ्याला वाटलं सोय केली. मावशींच्या लेखी भर मंडईत पासबुक उघडून धरल्यासारखं होतं. खिलार बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्या मुलखात, पैशाचा आकडा चारचौघांत दाखवायचा नसतो हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. आम्हीही त्याच मातीतल्या असून.

माणसं खोटं बोलतात का?

मग फोनवरच्या विचारणेत मावशी खोटं बोलल्या का? अजिबात नाही. "आवडलं का" असं कुणी परक्यानं विचारलं तर आपल्याकडं "आवडलं" म्हणायची रीत आहे, जशी पाहुण्याला "चहा झाला का" विचारायची आहे. शिवाय फोनवर बोलताना त्यांना पदराची आठवणच झाली नसणार. हात आपोआप जातो. जे आपोआप होतं ते विचारून बाहेर येत नाही.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली हेच मोठ्या गमतीदार रीतीनं दाखवलं. दुकानात नायलॉनचे चार पायमोजे ओळीनं मांडले आणि लोकांना विचारलं, यातला चांगला कोणता. चारही अगदी सारखे होते. तरी सगळ्यात जास्त लोकांचा कल अगदी उजवीकडच्याकडं गेला. का, असं विचारल्यावर कुणी पोताचं नाव घेतलं, कुणी विणीचं. उजव्या बाजूला होता म्हणून निवडला, असं एकानंही सांगितलं नाही. कारण कुणी लपवत नव्हतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

म्हणून आमच्या धंद्यात "हे वापराल का?" हा प्रश्न जवळजवळ निषिद्ध आहे. माणूस भविष्याबद्दल फार उदार असतो. त्याऐवजी विचारायचं, "शेवटचे पैसे कधी भरले? कुठं होता? आजूबाजूला कोण होतं? मग काय केलं?" घडलेल्या गोष्टीला धरून माणूस बोलू लागला की त्याच्या तोंडी आपोआप तपशील येतात, आणि आपलं सोनं त्या तपशिलांतच असतं.

मग नेमकं करतात काय?

मूळ मानवशास्त्रातलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियँड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला आणि लोकांमध्ये राहून त्यांचं जगणं टिपलं. आम्हाला तेवढा वेळ कुणी देत नाही. दोन-तीन आठवडे मिळाले तरी नशीब.

त्यातली मला सगळ्यात प्रिय रीत म्हणजे शेजारी बसणं. ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी १९९८च्या आपल्या पुस्तकात तिचं सूत्र सांगितलं: समोरचा उस्ताद, आपण उमेदवार. मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या कारखान्यात नवा पोरगा जसा शिकतो तसं. उस्ताद त्याला भोपळा कापण्यावर व्याख्यान देत नाही. काम चालू असतं, पोरगा बघत असतो, मध्येच विचारतो, "हे असं का केलंत?" उस्ताद म्हणतो, "अरे हां, ते होय…" आणि मग जे सांगतो ते त्यानं एरवी कधी शब्दांत मांडलेलं नसतं.

दुसरी रीत, बोलत बोलत वापरायला लावायची. माणसाच्या हातात ॲप द्यायचं, एक काम सांगायचं आणि म्हणायचं, मनात येईल ते तोंडानं बोलत राहा. इथं आमची खरी परीक्षा असते. तो चुकीचं बटण दाबत असतो, आपल्याला बरोबर बटण माहीत असतं आणि गप्प बसायचं असतं. मदत करायची नाही. फार जड जातं. आमच्या लोकांना तर मदत न करणं हा उद्धटपणाच वाटतो, म्हणून आधीच सांगावं लागतं, की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.

आणखी एक बघायची गोष्ट म्हणजे जुगाड. तासगावचे एक बेदाणेवाले आण्णा फोनवर रोजचा भाव बघायचे आणि खिशातली डायरी काढून पेनानं लिहून ठेवायचे. फोनमध्ये आहेच की, मग लिहिता कशाला? तर फोनवर उद्या आजचा भाव दिसायचा नाही, आणि त्यांना गेल्या वर्षीच्या याच आठवड्याशी तो ताडून बघायचा होता. माणूस जिथं डायरी, चिठ्ठी, पोरगा किंवा जाड रबरबँड वापरून काम भागवतो, तिथं ॲप कमी पडलेलं असतं.

टिपणांचं पुढं काय होतं?

ऐकलेलं, बघितलेलं सगळं छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवतात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग भिंतीवर लावून सारख्या वाटणाऱ्या एकमेकींजवळ सरकवत जायचं. ही पद्धत नेपाळात संशोधन केलेल्या जिरो कावाकिता या जपानी मानवशास्त्रज्ञाची. गंमत अशी, की ढिगांना नावं शेवटी द्यायची. 'अडाणीपणा', 'नेटवर्क', 'बारीक अक्षरं' असे डबे आधीच मांडून ठेवले तर चिठ्ठ्या मुकाट त्यांत जाऊन पडतात आणि नवीन काही सापडत नाही. आमच्या भिंतीवर जो ढीग तयार झाला त्यात पदर होता, दुकानात गिऱ्हाईक नसताना बाहेर जाऊन फोन बघणारा कासार होता, आणि "घरात पोरांसमोर उघडत न्हाई" असं म्हणणारी शिवणकाम करणारी वहिनी होती. ढिगाला नाव पडलं 'कुणाला दिसू नये'. असा डबा कुणीच आधी मांडला नसता.

पण पाच-दहा माणसांवरून काय कळणार?

हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो, आणि येतो तो बहुधा हिशेबनिसाकडून.

समजा तासगाव रस्त्यावर एका वळणाला खड्डा आहे. रात्री पाच जण मोटारसायकलवरून गेले आणि तिघं तिथंच आदळले. खड्डा बुजवायला हजार जणांची वाट बघाल का? पण "या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी शेकडा किती आदळतात?" असा प्रश्न असेल तर पाच जण काहीच सांगत नाहीत. तिथं हजारच लागतील. खड्डा आहे का आणि का आहे, हा एक प्रश्न. किती जणांना लागतो, हा दुसरा. गुणात्मक काम पहिल्याचं उत्तर देतं. पाच माणसांवरून टक्केवारी सांगणारा संशोधक भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

'पाच माणसं' हा आकडा वापरानुभवाचे अभ्यासक जेकब निल्सन यांच्यामुळं गाजला. त्यांनी आणि टॉम लँडावर यांनी १९९३ साली एक हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या कामांत एक अडचण एका माणसाला सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के निघाली. तसं असेल तर पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. पण हा आकडा मंत्रासारखा म्हणू नये. एखादी अडचण दहात एकालाच येत असेल तर पाच माणसांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांच्या आसपासच असते. शिवाय पाच जण एकाच पोत्यातले घेतले तर सगळंच फुकट. चाणाक्ष व्यापारी तोंडाशी मांडलेल्या कांड्यांवर भाव देत नाही, खालपर्यंत हात घालतो. आम्हीही मंडईत बसलो, नोकरदार गाठले, आटपाडीकडची माणसं शोधली, आणि मुद्दाम दोन असे गाठले जे ॲप खुशीनं वापरत होते. ते का वापरत होते? पगार खात्यात येत होता आणि फोन बंद खोलीत उघडत होते.

मुलाखती कुठं थांबवायच्या? नवीन माणूस जुनंच सांगू लागला, भिंतीवर नवा ढीग पडेना, की थांबायचं.

हे तर तुमचं मत झालं!

होय, ही भीती खरी आहे. काट्याला मत नसतं, आम्हाला असतं. मला पदराची गोष्ट आवडली म्हणून मी सगळीकडं पदरच शोधत बसेन, हे सहज शक्य आहे. म्हणून दोघींनी एकच मुलाखत वेगवेगळी वाचायची, कुठं पटत नाही ते भांडून ठरवायचं, आणि आपल्या निष्कर्षाला खोटं पाडणारा माणूस मुद्दाम शोधायचा. संचालकांना नुसता निष्कर्ष न सांगता माणसाचे शब्द जसेच्या तसे दाखवायचे. आणि शेवटी पुन्हा काट्याकडं जायचं: बदल केल्यावर वापर वाढला का? काटा आणि कांडी यांचं भांडण नाही, यार्डात दोन्ही लागतात.

नाजूक बाजू वेगळीच आहे. पैशाबद्दल बोलताना सासू शेजारी बसलेली असेल तर सून काय बोलणार? मग दुसऱ्या दिवशी यावं लागतं. परवानगी न घेता आवाज रेकॉर्ड करायचा नाही, नावं लिहायची नाहीत. आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झालाय, पण उसनवारीच्या गोष्टी गावभर करायच्या नाहीत हे कळायला कायदा लागू नये.

एआयलाच विचारलं तर?

हल्ली हाही सल्ला मिळतो: संगणकालाच 'तू सांगलीची भाजीवाली आहेस' असं सांगून प्रश्न विचारायचे. उत्तरं छान येतात, व्याकरणही शुद्ध असतं. पण लिहिलं गेलेलं वाचूनच तो बोलणार. शेजारच्या गाळ्यावरचा उसनं मागणारा माणूस कुणी कुठं लिहून ठेवलाय? प्रश्न घासून घ्यायला एआय ठीक आहे. पोत्यावर आपणच बसायचं.

कधी कधी उत्तर 'ॲप नको' असंही येतं

मावशींनी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली, जी संस्थेला मुळीच आवडली नाही. "एजंट दारात हुबा ऱ्हायला की पैसं द्यावंच लागत्यात. फोनमधी भरायचं म्हणलं तर उद्या भरू, परवा भरू. मग ऱ्हात न्हाईत." ज्या एजंटाला संस्था खर्च समजत होती तो या बाईच्या लेखी रोज येणारा तगादा होता, आणि तो तगादा म्हणजेच तिची बचत. ही अडचण बटण हलवून सुटत नाही. आम्ही अहवालात लिहिलं, की एजंट काढू नका. ॲप त्याच्या जोडीला ठेवा. बरीच चर्चा झाली. एजंट राहिले.

शिल्लक मात्र लगेच झाकली. आकड्यांच्या जागी ठिपके-चांदण्या आणि शेजारी डोळ्याचं चित्र; दाबलं की आकडा दिसेल. आम्ही खूश. चौथ्या दिवशी एजंटाचा फोन आला, मंडईतल्या एक आजी त्याला धरून बसल्या होत्या, सोडत नव्हत्या. "माजं पैसं कुठं गेलं? काल आकडं हुतं, आज नुसत्या चांदण्या दिसत्यात!"

डोळ्याच्या चित्राला बोट लावायचं असतं, हे आजींना कोण सांगणार? आम्ही पिशवी उचलली आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसलो.